दूधसागरच्या जीपगाड्या : दुरुस्ती कुठे संपते, बदल कुठे सुरू होतो?

पावसाळा ओसरू लागला की कुळे परिसरातील गॅरेजना वेग येतो. चार महिने उभ्या राहिलेल्या जीपगाड्यांचे ब्रेक-ड्रम उघडले जातात, पाटे उतरवले जातात, पुढच्या आसातील तेल काढून त्यात पाणी मिसळले आहे का हे पाहिले जाते. ऑक्टोबरमध्ये दूधसागर धबधब्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ही सारी कामे उरकावी लागतात. वरवर पाहता हा दर वर्षीचा शिरस्ता आहे. मात्र गेल्या काही वर्षांत जुन्या वाहनांविषयीचे केंद्राचे धोरण ज्या दिशेने सरकले आहे, ते पाहता या शिरस्त्याभोवती एक गंभीर प्रश्न उभा राहतो. वीस-पंचवीस वर्षे जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप जंगलातील ओढे-नाले ओलांडण्याजोगी ठेवणे ही कायद्याच्या दृष्टीने दुरुस्ती ठरते की बेकायदा बदल?

हा प्रश्न केवळ मोटारींच्या हौशी मंडळींपुरता असता, तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु धारबांदोडा तालुक्यातील शेकडो कुटुंबांचा उदरनिर्वाह, रोज त्या गाड्यांतून जाणाऱ्या पर्यटकांची सुरक्षितता आणि भगवान महावीर अभयारण्याचे आरोग्य या तिन्ही गोष्टी त्याच्या उत्तराशी बांधलेल्या आहेत. तरीही आजवरची चर्चा दर, आरक्षण आणि फेऱ्या यांच्यापुढे फारशी गेलेली नाही. गाडी स्वतः कशी आहे, ती कोणी तपासायची आणि कशाच्या आधारे, हा विषय मागेच राहिला.

कुळेचे गणित

दूधसागर धबधबा सुमारे ३१० मीटर उंचीचा असून तो मांडवीच्या खोऱ्यात, गोवा व कर्नाटक यांच्या सीमेवर कोसळतो. कुळेहून धबधब्याकडे जाणारी वाट साधारणपणे अकरा-बारा किलोमीटरची आहे. ती अभयारण्यातून आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातून जाते, पाण्याचे प्रवाह ओलांडते आणि दगडगोट्यांवरून चढते. रेल्वेमार्गावरून चालत धबधबा गाठण्यास मनाई आहे. त्यामुळे सर्वसामान्य पर्यटकाला जीप हाच व्यवहार्य मार्ग उरतो. चारशेच्या आसपास जीपगाड्या या व्यवसायात आहेत. त्यांतील बऱ्याच गाड्या महिंद्र कंपनीच्या जुन्या पिढीतील आहेत.

या व्यवसायाचे वजन समजण्यासाठी खाणींचा इतिहास आठवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबले. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निवाड्याने नूतनीकरण झालेले ८८ खाणपट्टे रद्द ठरले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद पडल्या. धारबांदोडा, सांगे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांतील ट्रकमालक, चालक आणि गॅरेजवाले यांना त्याचा फटका बसला. अशा भागात जीप हे रोजगाराचे हाताशी असलेले साधन आहे. २०२४ च्या हंगामात गोवा पर्यटन विकास महामंडळाच्या ऑनलाइन आरक्षणावरून आणि कुळे येथील कक्षावरून जीपमालकांनी आंदोलन छेडले, तेव्हा त्यामागे हीच अस्वस्थता होती. हातात असलेले एकमेव साधन आपल्या ताब्यातून जाईल, ही ती भीती.

ते साधन ताब्यात राहील की नाही, हे आरक्षणाच्या खिडकीवर जितके ठरते, तितकेच वाहतूक खात्याच्या कागदावरही ठरते.

वयावर आधारलेले धोरण

केंद्राने २०२१ मध्ये वाहन भंगार धोरण जाहीर केले. ते तत्त्वतः ऐच्छिक आहे. गाडी केवळ जुनी झाली म्हणून ती मोडीत काढावी, असे त्यात म्हटलेले नाही. चाचणीत अपयशी ठरणारी गाडी मोडीत जावी, असा त्याचा रोख आहे. पण चाचणीपर्यंत पोहोचण्याची किंमत मात्र वयाबरोबर वाढत गेली. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील हलक्या वाहनांसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. व्यावसायिक वाहनांच्या योग्यता प्रमाणपत्राचे शुल्कही अनेक पटींनी चढले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यासाठी दहा ते पंधरा, पंधरा ते वीस आणि वीस वर्षांवरील असे टप्पे पाडण्यात आले. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी योग्यता चाचणी द्यावी लागते, हे लक्षात घेतले तर हा भार एकदाचा नसून वार्षिक आहे.

दिल्लीसारख्या शहरासाठी या विचारामागचे तर्कशास्त्र समजण्यासारखे आहे. तेथे प्रश्न धुराचा आहे. म्हणूनच दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरील बंदीला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दुजोरा दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने अशा वाहनमालकांवर केवळ वयाच्या आधारे कठोर कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश दिला. म्हणजे वय हा निकष पुरेसा आहे का, याविषयी दिल्लीतही वाद मिटलेला नाही. जंगलातील बारा किलोमीटरच्या वाटेवर, ताशी दहा-पंधरा किलोमीटरच्या वेगाने चालणाऱ्या गाडीला हाच निकष लावताना तर अधिक सावधपणे विचार करायला हवा.

यंत्र काय मागते

कुळेची वाट गाडीकडून नेमके काय मागते, हे पाहिले तर वय आणि अवस्था यांतील फरक स्पष्ट होतो.

महिंद्रने १९४७ पासून मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी गाडीचा तो आराखडा पुढे अनेक दशके भारतीय रस्त्यांवर टिकला. ऐंशीच्या दशकातील एमएम ५४० मध्ये प्यूजोच्या धर्तीचे सुमारे २.१ लिटरचे डिझेल इंजिन आले, परंतु गाडीचा सांगाडा तोच राहिला. शिडीसारखी चॅसी, पुढे आणि मागे एकसंध आस, खाली पाटे आणि मध्ये ट्रान्स्फर केस, अशी ती रचना आहे. या इंजिनाचा इंधनपंप यांत्रिक आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे पाण्याच्या शिंतोड्यांनी ते बंद पडत नाही. इलेक्ट्रॉनिक सेन्सर नसल्याने जंगलात बिघाड झाला, तरी पाने आणि हातोडी यांवर काम भागते. जुन्या जीपविषयी चालकांना वाटणाऱ्या विश्वासाचे हे साधे कारण आहे.

ट्रान्स्फर केसचे काम दुहेरी असते. लिव्हर ओढला की पुढच्या चाकांनाही गती मिळते आणि ‘लो’ टप्प्यात चाकांवर पडणारा जोर सुमारे अडीच पटींनी वाढतो. चढावर इंजिनाची दमछाक होत नाही. उतारावर तेच इंजिन गाडीला रोखून धरते आणि ब्रेकवरचा ताण कमी होतो. ओल्या उतारावर प्रवाशांचा जीव ज्या भागांवर अवलंबून असतो, त्यांत या लोखंडी पेटीचा क्रमांक बराच वरचा आहे.

याच गाडीच्या कमकुवत जागाही तितक्याच निश्चित आहेत. पाण्यातून जाताना तापलेला आस एकदम थंड होतो, आतील हवा आकसते आणि झिजलेल्या ऑइल सीलमधून किंवा श्वासनळीतून पाणी आत ओढले जाते. तेल दुधासारखे पांढरट होते. गाडी त्या दिवशी चालते, पुढच्या आठवड्यातही चालते. मग एके दिवशी बेअरिंग बसते. ड्रम-ब्रेकमध्ये पाणी शिरले की पुढचे काही क्षण पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. म्हणून प्रवाह ओलांडल्यावर जाणता चालक ब्रेक हलका दाबत ते वाळवून घेतो. एअर फिल्टरच्या पातळीपर्यंत पाणी चढले तर ते सिलिंडरमध्ये शिरते. पाणी हवेसारखे दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन मोडीत निघते. चॅसीला जेथे पाट्यांचे कंस जोडलेले असतात, तेथे चिखल साचून गंज धरतो. त्यावर कसे वेल्डिंग झाले आहे, यावर ती चॅसी भारासकट टिकेल की तडकेल हे ठरते.

यांपैकी एकही दोष गाडीच्या नोंदणी वर्षावरून कळत नाही. दर वर्षी सील, बेअरिंग आणि ब्रेक बदललेली पंचवीस वर्षांची जीप या वाटेवर बारा वर्षांच्या दुर्लक्षित जीपपेक्षा अधिक भरवशाची असू शकते.

दुरुस्ती आणि बदल यांतील धूसर रेषा

येथे कायद्याचा प्रश्न येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील, असा बदल मालकाला करता येत नाही. वाहनाच्या रचनेत फेरफार होऊन त्याचे मूलभूत स्वरूप पालटते तेव्हा तो ‘बदल’ मानावा, असे स्पष्टीकरण त्याच कलमात आहे. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा काटेकोर अर्थ लावला आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलांना धक्का देणारे फेरफार मान्य होणार नाहीत, असे बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही कडक झाली. परवानगीबाह्य प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी ती तरतूद आहे.

या कडकपणामागे कारणे आहेत. हरियाणातील डबवालीसारख्या ठिकाणी जुन्या आणि लष्कराने काढून टाकलेल्या गाड्यांच्या भागांतून नव्या जीप उभ्या करण्याचा मोठा व्यवसाय वाढला. अशा गाड्यांत चॅसी एकीकडची, इंजिन दुसरीकडचे आणि कागदपत्रे तिसऱ्याच गाडीची, असा प्रकार संभवतो. शहरांत केवळ दिमाखासाठी लावलेले लोखंडी बंपर पादचाऱ्यांच्या जिवावर उठतात, म्हणून केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये त्यांच्यावर बंदीचे निर्देश दिले. अपघातात जखमी झालेल्या तिसऱ्या व्यक्तीचा हक्कही यात गुंतलेला असतो. विमा कंपनीला न कळवता केलेला मोठा फेरफार भरपाईचा दावा अडवू शकतो.

अडचण अशी की कायद्याची भाषा एका टोकाच्या प्रकारांकडे पाहून घडली आणि गॅरेजमधील रोजचे काम त्या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते. जुन्या जीपवरील कामांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिल्या गटात मूळ अवस्था परत आणणारी कामे येतात. सील, बेअरिंग, पाटे, क्लच, ब्रेक-लायनिंग बदलणे ही निःसंशय दुरुस्ती आहे. दुसऱ्या गटात गाडीचे स्वरूप न पालटता तिला वाटेसाठी अधिक सुरक्षित करणारी कामे येतात. आसाची श्वासनळी रबरी नळी जोडून वर नेणे, इंजिनाखाली लोखंडी पत्रा बसवणे, मागील आसनांना पट्टे आणि धरायला दांडा लावणे, हवा घेणारी नळी उंचावणे ही त्याची उदाहरणे आहेत. तिसऱ्या गटातील कामे मात्र गाडीचा स्वभावच बदलतात. वेगळ्या बनावटीचे इंजिन बसवणे, चॅसी कापून लांब करणे, पाट्यांखाली जाड ठोकळे घालून गाडी उचलणे, मूळ मापापेक्षा बरेच मोठे टायर लावणे ही ती कामे होत.

तिसऱ्या गटाविषयी कायद्याची भूमिका योग्य आहे आणि त्याची कारणे यांत्रिक आहेत. गाडी उचलली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि आडव्या उतारावर ती कलंडण्याचा धोका वाढतो. शाफ्टचा कोन बिघडून क्रॉस लवकर झिजतो आणि ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. मोठे टायर गाडी थांबवायला अधिक अंतर घेतात, आसावर जादा भार टाकतात आणि वेगदर्शक चुकीचा वेग दाखवू लागतो. एका ठिकाणी केलेला बदल इतर चार ठिकाणी हिशेब मागतो. तो हिशेब न करता केलेले काम कितीही कौशल्याचे दिसले, तरी धोक्याचेच असते.

खरी हानी दुसऱ्या गटाची होते. या कामांतील कोणते मान्य आणि कोणते अमान्य, याची स्पष्ट यादी मालकाच्या हाती नाही. त्यामुळे एखादा सावध मालक दंडाच्या भीतीने आवश्यक सुधारणा टाळतो आणि बेफिकीर मालक तिसऱ्या गटातील कामही ‘दुरुस्ती’ म्हणून खपवतो. विरोधाभास असा की मान्यताप्राप्त संच वापरून इंजिनाच्या जागी विजेची मोटर बसवण्याची वाट नियमांनी उघडली आहे, पण मागे बसलेल्या प्रवाशांसाठी मजबूत दांडा लावावा की नाही, याविषयी संदिग्धता राहते.

चाचणी रस्त्याची, प्रवास जंगलाचा

योग्यता चाचणीत गाडी उत्तीर्ण झाली म्हणजे सारे आलबेल, असे मानण्याचा प्रघात आहे. येथेच व्यवस्थेतील मोठी पोकळी दिसते. केंद्राच्या धोरणानुसार ही चाचणी मानवी नजरेकडून स्वयंचलित केंद्रांकडे जात आहे, जरी तिच्या सक्तीची मुदत अनेकदा पुढे ढकलली गेली असली तरी. अशा केंद्रात रोलरवर एकेका आसाचे ब्रेक मोजले जातात. दिव्यांची दिशा, धुराचे प्रमाण, चाकांची सरळ रेषा, सांध्यांतील सैलपणा पाहिला जातो. डांबरी रस्त्यावरील वाहनासाठी ही पद्धत पूर्वीच्या नजरपारखीपेक्षा निश्चितच चांगली आहे.

पण या चाचणीत जीप दोनच चाकांच्या गतीवर तपासली जाते. ट्रान्स्फर केस नीट गुंतते का, ‘लो’ टप्पा भाराखाली निसटतो का, पुढच्या आसात पाणी आहे का, ओल्या ड्रमने गाडी किती अंतरात थांबते, या बाबी तिच्या कक्षेतच नाहीत. कुळेच्या वाटेवर ज्या भागांवर प्रवाशांचा जीव अवलंबून असतो, नेमके तेच भाग चाचणीच्या यादीबाहेर राहतात. आणि ज्या धुरासाठी गाडी अपयशी ठरेल, तो धूर महत्त्वाचा असला तरी वाटेवरील सुरक्षिततेविषयी काहीच सांगत नाही.

देशात वाहनांच्या खडतर चाचणीचे ज्ञान नाही, असे म्हणता येणार नाही. पुण्याची एआरएआय ही संस्था आणि इंदूरजवळ पिथमपूर येथील राष्ट्रीय चाचणी मैदान येथे उत्पादकांच्या नव्या गाड्या विविध परिस्थितींत तपासल्या जातात. परंतु ते ज्ञान नव्या नमुन्यांच्या मान्यतेसाठी वापरले जाते. वीस वर्षे वापरात असलेल्या गाडीच्या वार्षिक तपासणीपर्यंत ते झिरपलेले नाही.

खेळाच्या गाड्या आणि कामाच्या गाड्या

गोव्याला जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांचा आणखी एक चेहरा परिचित आहे. मलेशियात १९९७ मध्ये सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या स्पर्धेची भारतीय आवृत्ती २०१४ मध्ये गोव्यातच सुरू झाली. भर पावसात चिखल, चढ आणि ओढे यांतून गाड्या नेण्याचा हा खेळ आहे. त्यात उतरणाऱ्या मारुती जिप्सी आणि महिंद्र जीप मूळ रूपात क्वचितच असतात. पिंजऱ्यासारखी संरक्षक चौकट, विंच, डिफरेन्शियल लॉक, छतापर्यंत नेलेली हवेची नळी अशी साधने त्यांना लागतात. १९८५ मध्ये आलेली जिप्सी आता बनत नसली, तरी हलक्या वजनामुळे आणि साध्या रचनेमुळे या वर्तुळात तिला आजही मागणी आहे.

स्पर्धेच्या मैदानात असे टोकाचे बदल समर्थनीय ठरतात, कारण तेथे मार्ग आखलेला असतो, प्रवासी नसतात, चालक-सहचालक हेल्मेट घालून बसतात आणि मदतीचे पथक हाताशी असते. कामाच्या जीपला यातले काहीही लागू होत नाही. तिच्यात बसलेल्या कुटुंबाने धोका पत्करलेला नसतो. त्यामुळे स्पर्धेतील गाडी पाहून कामाची गाडी उंच करण्याचा मोह हा चुकीचा धडा आहे. घेण्याजोगा धडा वेगळाच आहे. स्पर्धेत उतरण्यापूर्वी प्रत्येक गाडीची स्वतंत्र तपासणी होते आणि नियमपुस्तिकेत न बसणारी गाडी परत पाठवली जाते. खेळासाठी जी शिस्त शक्य आहे, ती रोजगारासाठी अशक्य असण्याचे कारण नाही.

या दोहोंपेक्षा निराळा आणि निखालस निंद्य प्रकार म्हणजे भाड्याने घेतलेल्या नव्या जीप मोरजी, मांद्रेच्या वाळूत घालणे. त्यात ना कौशल्य असते ना गरज. पोलीस गुन्हे नोंदवतात, गाडी रुतते, किनाऱ्याची हानी होते आणि साऱ्याच फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांकडे संशयाने पाहिले जाऊ लागते. कुळेच्या चालकांना त्या बदनामीचा वाटेकरी करणे अन्यायाचे होईल.

जंगलाची बाजू

जीपमालकांच्या बाजूने बोलताना जंगलाची बाजू झाकता येणार नाही. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरचे क्षेत्र आहे. व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करावा, असा आदेश उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये दिला, त्यात या क्षेत्राचाही समावेश होता. पुढे तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मोलेतील रेल्वे दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द ठरवली. या वनाविषयी न्यायालये आणि नागरिक दोघेही सजग आहेत, हे यातून दिसते. अशा वेळी धूर ओकणारी, तेल गळणारी जीप ही व्यवसायाच्या विरोधकांच्या हाती दिलेले आयते हत्यार ठरेल.

तेलगळतीचा मुद्दा विशेष गांभीर्याचा आहे. दूधसागर नदीचे पाणी पुढे खांडेपार नदीला मिळते आणि त्याच नदीवर ओपा येथील जलशुद्धीकरण प्रकल्प उभा आहे. फोंडा आणि तिसवाडीच्या नळांना तेथून पाणी जाते. कुळेच्या वाटेवरील ओढ्यात एखाद्या झिजलेल्या सीलमधून पडणारे तेल हा केवळ तेथील माशांचा प्रश्न राहत नाही. पन्नास-शंभर रुपयांचे रबरी सील वेळेवर बदलणे ही गाडीची दुरुस्ती जितकी आहे, तितकीच ती नदीचीही निगा आहे.

नव्या गाड्या आणल्या की सारे प्रश्न सुटतील, हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. नव्या इंजिनांचा धूर निःसंशय कमी असतो, ब्रेक अधिक चांगले असतात. पण त्यांची किंमत दहा लाखांच्या पुढे जाते, हंगाम फार तर आठ महिन्यांचा असतो आणि पाण्याने इलेक्ट्रॉनिक भाग बिघडला तर तो कुळेच्या गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाही. कर्जाच्या हप्त्यासाठी अधिक फेऱ्या मागितल्या जातील आणि वनावरील दाब उलट वाढेल, हाही संभव नजरेआड करता येत नाही.

गोव्याच्या हाती काय आहे

केंद्रीय कायदा बदलणे राज्याच्या हाती नाही. परंतु राज्याकडे असलेले अधिकार कमी नाहीत. भाड्याच्या वाहनाला परवाना देताना अटी घालण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम ७४ मध्ये आहे. अभयारण्यातील प्रवेश वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीच्या अधीन आहे आणि त्या परवानगीलाही अटी जोडता येतात. या दोन खात्यांनी एकत्र येऊन कुळेच्या वाटेसाठी स्वतंत्र हंगामपूर्व तपासणी ठरवली, तर तिला नव्या कायद्याची गरज भासणार नाही.

ही तपासणी सप्टेंबरमध्ये कुळे येथेच व्हावी. मोटार वाहन निरीक्षकाबरोबर एक अनुभवी मेस्त्री असावा. तपासायच्या गोष्टी मोजक्या असाव्यात. चारही चाकांची गती आणि ‘लो’ टप्पा भाराखाली टिकतो का, ओल्या अवस्थेत ब्रेक लागतात का, दोन्ही आसांतील तेल स्वच्छ आहे का, कुठे गळती आहे का, चॅसीवर तडा किंवा गंज आहे का, प्रत्येक आसनाला पट्टा आणि धरायला आधार आहे का. अपयशी गाडीला दुरुस्तीसाठी पंधरा दिवसांची मुदत मिळावी आणि निकाल गाडीच्या दर्शनी भागी लावावा. पर्यटकाला कोणत्या गाडीत बसावे, हे ठरवण्याचा तो साधा आधार होईल.

दुसरी गरज आहे ती लेखी यादीची. वाटेसाठी आवश्यक पण गाडीचे मूलभूत स्वरूप न बदलणारी कामे कोणती, हे वाहतूक खात्याने परिपत्रकाद्वारे स्पष्ट केले तर प्रामाणिक मालक निर्धास्त होईल आणि उरलेल्या कामांवर कारवाई करणे खात्यालाही सोपे जाईल. संदिग्धतेचा लाभ नेहमी नियम मोडणाऱ्यालाच मिळतो.

तिसरी बाब कौशल्याची आहे. यांत्रिक इंधनपंप जुळवणारे, आसाचे दातेरी चक्र कानाने ओळखून बसवणारे मेस्त्री आता पन्नाशी-साठीच्या पुढे आहेत. आयटीआयमधील अभ्यासक्रम स्वाभाविकपणे नव्या तंत्राकडे वळला आहे. पूर्वानुभवाला प्रमाणपत्र देण्याची योजना केंद्राच्या कौशल्य विकास कार्यक्रमात आहे. तिचा उपयोग करून या मेस्त्रींना प्रशिक्षक म्हणून मान्यता देता येईल आणि स्थानिक तरुणांना त्यांच्या हाताखाली शिकता येईल. हे कौशल्य संपले तर जुन्या जीप कायद्याने नव्हे, तर निगेअभावी बंद पडतील. तोवर वाटेत अपघात होऊ नयेत, एवढीच आशा करावी लागेल.

आणि चौथी गोष्ट म्हणजे टप्प्याटप्प्याने होणारे नूतनीकरण. ज्या गाड्या तपासणीत सलग अपयशी ठरतील त्या बदलाव्याच लागतील. त्यासाठी सवलतीचे कर्ज, विजेवर चालणाऱ्या एखाद-दुसऱ्या गाडीचा या वाटेवरील प्रयोग आणि फेऱ्यांवरील मर्यादा या तिन्हींचा विचार एकत्रच झाला पाहिजे. विजेच्या गाडीचे मंद गतीतील जोरदार खेचणे आणि शांतपणा अभयारण्याला पूरक आहे. मात्र ती पाण्यात, उतारावर आणि भाराखाली कशी वागते, हे कागदावर नव्हे तर त्याच वाटेवर पाहिले पाहिजे.

या साऱ्याला जीपमालकांच्या संघटनेची साथ लागेल. तपासणी म्हणजे आपल्यावरील आणखी एक अंकुश, अशी तिची भावना झाली तर योजना पहिल्याच हंगामात अडेल. तशी भावना होऊ नये म्हणून तपासणीचे निकष ठरवताना चालकांनाच विचारले पाहिजे. कोणत्या वळणावर ब्रेक लागत नाही आणि कोणत्या ओढ्यात पाणी फिल्टरपर्यंत चढते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. दुसरीकडे संघटनेनेही हे ओळखायला हवे की आरक्षणाच्या वादात जनमत आपल्या बाजूने राखायचे असेल, तर सुरक्षित आणि स्वच्छ गाडी हाच सर्वांत मजबूत युक्तिवाद आहे.

गाडी किती साली नोंदली गेली, हे कार्यालयातील संगणक क्षणात सांगतो. तिच्या पुढच्या आसात तेल आहे की पाणी, हे सांगायला कोणीतरी गाडीखाली शिरावे लागते. दूधसागरच्या वाटेवरील प्रवाशाचा जीव या दुसऱ्या माहितीवर अवलंबून आहे आणि सध्याची व्यवस्था केवळ पहिली माहिती गोळा करते. पुढील हंगामापूर्वी हे अंतर भरून काढणे राज्य शासनाला अवघड नाही. त्यासाठी लागतो तो सप्टेंबरमधील एक आठवडा, दोन खात्यांचा समन्वय आणि काही मेस्त्रींचा अनुभव.